मीठ कुठे असतं

अकरा वर्षांनी नातेला घरी आली
आणि स्वतःच्याच स्वयंपाकघरात उभी राहून तिने विचारलं,
मीठ कुठे असतं?

गोचाचे हात कणकेत होते.
त्याने कोपरानेच दाखवलं, ते काय, वरच्या फळीवर,
म्हणजे त्याचा हात जिथे सहज पोचतो तिथे.
तिला चवड्यांवर उभं राहावं लागलं.

गावातली भट्टी थंड झाली तेव्हा
पुरुष घरी बसले, आणि बायका निघाल्या.
आधी लामारा गेली, मग पोस्टातली एतेरी,
मग शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारी ही.
एकेक करून सगळ्याच बारीला लागल्या.
बारी, इटलीतलं बंदर.
तिथल्या म्हाताऱ्यांना उठवायला, बसवायला,
त्यांची नखं कापायला
दुसऱ्या देशांतल्या बायका लागतात.

फोनवर विचारायचा,
मैदा किती?
लागेल तेवढा.
तेवढा म्हणजे?
हाताला कळतं रे.
माझ्या हाताला भट्टी कळते, नातेला. हे कळत नाही.

पहिली दोन वर्षं तो पडदे ओढून खाचापुरी लाटायचा,
चीज बाहेर यायचं, तव्यावर करपायचं,
मुलगी तातिया न बोलता खायची.
मग कधीतरी पडदा ओढायचा राहून गेला.
आणि एका संध्याकाळी शेजारचा अवतांदिल
कुंपणापाशी येऊन, इकडेतिकडे बघत,
हळूच म्हणाला,
यीस्ट फुगायला किती वेळ ठेवतोस?

आज तातियाचं लग्न.
वरचं नवं छप्पर नातेलाच्या पैशाचं,
टेबलावरची दारू गोचाच्या द्राक्षांची.
अवतांदिल आज तमादा,
टेबलाच्या टोकाला बसून
कुणाच्या नावाने प्यायचं ते ठरवणारा.
देशासाठी झालं. गेलेल्यांसाठी झालं.
मग त्याने शिंग उचललं, म्हणाला,
आता आपल्या बायकांसाठी!

हे वाक्य नातेलाने आजवर
नेहमी भिंतीपलीकडून ऐकलं होतं,
हातात परात असताना.
आज ती खुर्चीवर होती. हातांचं काय करावं ते तिला कळेना.
सुरईला टेकवलेल्या दोन फोनांमध्ये
बारीहून लामारा आणि एतेरी बघत होत्या,
एतेरीच्या मागे कुणीतरी खोकत होतं, सारखं.

पुरुष उभे राहिले.
बायकांसाठी उभं राहूनच प्यायचं असतं.
ब्याऐंशी वर्षांचे वलिको काकाही उठू लागले,
टेबलाला धरून, गुडघे थरथरत,
आणि कुणी काही म्हणायच्या आत
नातेला त्यांच्यापाशी होती.
एक पाय त्यांच्या दोन पायांमध्ये,
दोन्ही हात काखेतून पाठीशी नेलेले,
स्वतःची पाठ ताठ. मान त्यांच्या खांद्यावर.
पियानो, पियानो, ती म्हणाली,
कोणत्या भाषेत बोलतोय हे तिच्या लक्षातही आलं नाही.
पोतं नाही, बाळही नाही,
एक पूर्ण माणूस तिने जमिनीवरून हवेत
आणि हवेतून पायांवर आणला.

शिंगं अर्ध्यावरच थांबली.
स्वयंपाकघराच्या दारात, तव्याचं फडकं खांद्यावर टाकून
गोचा उभा होता.
पैसे त्याने अकरा वर्षं मोजले होते.
हे कधी बघितलं नव्हतं.

रात्री ताटल्या विसळताना तो म्हणाला,
किती वजन होतं तिचं? त्या तुझ्या म्हातारीचं?
अस्सुन्ताचं? आधी एकसष्ट किलो.
शेवटी सदतीस.
हलक्या माणसाला उचलणं जास्त अवघड असतं,
ती म्हणाली. मोडेल अशी भीती वाटते.

तो बराच वेळ एकच ताटली पुसत राहिला.
मग वर बघून म्हणाला,
मिठाचा डबा खाली काढून ठेवू?

असू दे तिथेच.
गुरुवारी मिनीबस आहे.